गढूळ प्रवाहात डोकावणारे क्ष-किरण

गोबरगॅसच्या टाकीत शेणकाला आंबतो आणि त्यातून वायूचे बुडबुडे वर चढतात. द्रव, वायू आणि चोथा एकत्र हलणे म्हणजे बहुप्रावस्था प्रवाह. टाकीला काच बसवली तरी दिसेल तो काचेलगतचा थर, आतले काहीच नाही. अशा ठिकाणी डोकावण्याची विद्या वैद्यकातून आली.

रोंटगेनने 1895 च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले. पुढच्याच वर्षी हार्वर्डमधला विद्यार्थी वॉल्टर कॅनन प्राण्यांना बिस्मथ मिसळलेले अन्न भरवून घास कसा उतरतो ते पडद्यावर पाहू लागला. बिस्मथ किरण अडवते, म्हणून घास काळा दिसे.

या कुळात मला सर्वांत मोलाचे वाटते ते इंग्लंडमधल्या रो आणि पार्ट्रिज यांचे 1965 चे काम. वाळूतून खालून हवा सोडली की वाळू उकळत्या पाण्यासारखी खदखदते. तिच्यातले बुडबुडे त्यांनी क्ष-किरणांनी टिपले. बुडबुड्याचा तळ आत दबलेला असतो आणि त्या खळग्यात तो वाळू घेऊन वर जातो. अशा खदखदत्या थराच्या भट्टीतली भुकटी ढवळली जाते, त्याचे मोठे कारण इथे सापडले.

पुढची अडचण वेगाची. भोवती फिरून छेदचित्र घेणाऱ्या सीटी यंत्राची जड क्ष-किरण नळी किती भरभर फिरवणार? 1980 च्या दशकात डग्लस बॉइड यांच्या हृदयचित्रणाच्या यंत्रात नळीऐवजी इलेक्ट्रॉनांचा झोतच चुंबकाने फिरू लागला. जर्मनीत रोसेनडॉर्फला उवे हॅम्पेल यांच्या गटाने तीच युक्ती प्रवाहासाठी वापरली आणि सेकंदाला हजारो छेदचित्रे मिळवली.

मुंबईत वाट वेगळी निघाली. जाड पोलादी नळात क्ष-किरण धातूतच अडतात. न्यूट्रॉन पोलाद सहज ओलांडतात आणि पाण्यातल्या हायड्रोजनपाशी अडखळतात. म्हणून तुर्भ्याला, 1956 मध्ये सुरू झालेल्या अप्सरा अणुभट्टीवर, भाभा अणुसंशोधन केंद्राने पाणी-वाफेचा प्रवाह न्यूट्रॉनांनी पाहिला.

शेणकाल्यालाही हा मान मिळायला हवा. टाकीत वर साय धरते, तळाशी गाळ बसतो आणि गॅस कमी येतो. गावाच्या तंत्रज्ञानासाठी वर्ध्यात 1976 पासून ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र आहे, नागपुरात 1942 मध्ये सुरू झालेली लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था (आता विद्यापीठ) आहे, इंदूरच्या इंडस-2 या सिंक्रोट्रॉनवर क्ष-किरण चित्रणाची सोय आहे. विदर्भातल्या रसायन अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनो, पुढचा प्रबंध शेणकाल्यावर घ्या.