व्हायोलिनचा थरथरता सूर किती जुना?

व्हायोलिन म्हटलं की आठवतो तो थरथरता सूर. तारेवरचं बोट हलवून काढलेला हा व्हायब्रेटो. पण तो कायम असा सतत नव्हता बरं का! १७५६ मध्ये लिओपोल्ड मोझार्ट, म्हणजे प्रसिद्ध मोझार्टचे वडील, यांनी प्रत्येक सूर हलवणाऱ्यांना पुस्तकातून टोला हाणला: अंगात कापरं भरल्यासारखे वाजवतात म्हणे! १९०३ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या योझेफ योआखिमनं बाख रेकॉर्ड केला. त्यात व्हायब्रेटो अधूनमधून, दागिन्यासारखा. मग फ्रिट्झ क्राइसलरनं तो जलद सुरांतही आणला आणि ग्रामोफोननं घरोघरी पोचवला. आज आपल्याला तोच ‘खरा’ वाटतो. मोबाईलवर योआखिम ऐकून बघा. सूर कोरडा वाटला, तर त्यात त्याचा दोष नाही. आपल्या कानांची सवयच जेमतेम शंभर वर्षांची आहे.