बोटाचे सोंग घेतलेली लेखणी

‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ हा वाक्प्रचार ज्या पेडगावाशी जोडला जातो ते श्रीगोंदे तालुक्यातले, भीमेच्या काठचे. परभणी जिल्ह्यातल्या, मनमाड-परभणी लोहमार्गावरच्या पेडगावाचा त्या कथेशी संबंध नाही. नामसाम्याचा भार मात्र त्यालाही वाहावा लागतो. गेल्या दोन दशकांत लेखणीवर जो प्रसंग ओढवला, त्याच्या वर्णनासाठी मला याहून नेमका वाक्प्रचार सापडलेला नाही. स्पर्शाने चालणाऱ्या काचेवर प्रवेश मिळावा म्हणून तिला बोटाचे सोंग घ्यावे लागले.

लेखणी आणि लिहिण्याचा पृष्ठभाग यांचे नाते आपल्याकडे परस्परांना जोखून घडलेले आहे. ताडपत्रावर लोखंडी सळईने सरळ रेघ ओढली तर पान चिरते, म्हणून दक्षिणेकडची अक्षरे वाटोळी झाली, असे लिपीचे अभ्यासक सांगतात. मराठी दप्तरांत कागद आला आणि त्यावर बोरू चालला. मोडीचे जनकत्व परंपरा यादवांच्या हेमाद्रीला देते. ते सिद्ध करणे अवघड असले, तरी त्या लिपीचा प्रकृतिधर्म स्पष्ट दिसतो. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिच्या आधाराने, बोरू शक्य तितका कमी उचलत अक्षरे जोडत जायचे. शाईचा ओलावा, कागदाची घोटाई, बोरूचा काप आणि कारकुनाची घाई या चौघांनी मिळून ते वळण घडवले.

त्याआधीची पायरी धूळपाटीची. पंतोजीच्या शाळेतले मूल फळीवर पसरलेल्या धुळीत धुळाक्षरे गिरवी, बोटाने किंवा काडीने. धुळीला दोन्ही सारखीच. ती वस्तूचा स्वभाव विचारीत नाही, फक्त दाब मानते.

आरंभीचे स्पर्शपडदेही बव्हंशी असेच धूळपाटीच्या जातीचे होते. वरच्या लवचीक पापुद्र्यावर दाब पडला की तो खालच्या थराला टेकतो आणि जागा कळते. मग दाबणारे बोट असो, नख असो वा प्लास्टिकची काडी. १९९६ मधला पामपायलट काडीसह आला, पण त्याने रोमन अक्षरांची ठरावीक सुटसुटीत रूपेच स्वीकारली. यंत्राने माणसाला नवा कित्ता दिला. बंगळुरात घडलेला आणि २००४ साली बाजारात आलेला सिंप्युटरही काडीनेच चालत असे. भारतीय भाषा बोलणारे स्वस्त संगणकयंत्र खेड्यापर्यंत न्यावे ही त्यामागची आकांक्षा. ते यंत्र खेड्यात रुजले नाही.

२००७ च्या जानेवारीत आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्जने काडीची टर उडवली आणि दहा बोटे निसर्गानेच दिली आहेत असा युक्तिवाद केला. त्या फोनची काच निराळ्या तत्त्वावर चालते. ई. ए. जॉन्सन या इंग्रज अभियंत्याने १९६५ मध्येच ते मांडले होते. काचेखालच्या पारदर्शक वाहक जाळ्यात विद्युतभार खेळवलेला असतो. शरीर वीजवाहक असल्यामुळे बोट टेकताच तिथला भार किंचित ढळतो. दाबाला इथे किंमत नाही. कोरडा बोरू कितीही घासा, काच ढिम्म. शिवाय फार बारीक स्पर्श हा गोंगाट समजून टाळला जातो. म्हणून या काचेसाठी निघालेल्या साध्या लेखण्यांना पाच-सहा मिलिमीटर जाडीचे वाहक रबरी टोक बसवावे लागले: बोटाइतके बोथट, आणि हाताशी विद्युतसंबंध राखणारे. घरगुती उपायांत पेनाला गुंडाळलेला अॅल्युमिनियमचा कागद आणि त्याच्या टोकाशी ओला कापूस. थंडीत हातमोजे न काढता फोन चालावा म्हणून कोरियात २०१० च्या सुमारास लोकांनी चक्क मांसाच्या कांड्या वापरल्या, त्याची बातमी जगभर गेली. हसू येते खरे. पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने ती कांडी बोरूपेक्षा अधिक पात्र लेखणी होती!

सोंगाची किंमत देवनागरीने अधिक मोजली, असे माझे मत आहे. जे टोक स्वतःच अक्षर झाकते त्याने अनुस्वार कुठे द्यायचा, रफार कुठे चढवायचा, ‘श’ची गाठ कशी सोडवायची? र्‍हस्व-दीर्घाचा सारा भेद वेलांटीच्या वळणात. आणि काचेवर तळहात टेकला की तोही स्पर्शच, त्याचीही रेघ उमटणार. मग मनगट अधांतरी धरावे लागते. मनगट टेकवून लिहिण्याची शतकांची सवय अशी मोडते. २०१५ मध्ये गूगलने ८२ भाषांसाठी हस्तलेखन ओळखणारी सोय काढली, तीत मराठीही होती. यंत्र आता आपले वळण वाचू लागले. त्याच वर्षी अॅपलनेच आपली पेन्सिल विक्रीला आणली. २०११ च्या गॅलक्सी नोटप्रमाणे तिच्यासाठीही पडद्याखाली वेगळी तजवीज होती. अशी काच महाग. साध्या फोनची काच बोटाचीच राहिली.

आपल्या भाषेत ‘अंगठाबहाद्दर’ ही शिवी आहे. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता अभियानाने प्रौढांच्या वर्गांतून ज्या पिढीला हाक दिली, तिच्यासाठी अंगठ्याकडून सहीकडे जाणे ही आयुष्यातली मोठी उडी होती. शाईने माखलेला अंगठा धोतराला वा पदराला पुसण्याचा अपमान संपावा, म्हणून थरथरत्या हाताने पेन धरले गेले. आज रेशन दुकानातले यंत्र पुन्हा बोटाचा ठसा मागते. दारी पार्सल घेऊन आलेला मुलगा फोन पुढे करतो आणि म्हणतो, ‘आजोबा, बोटानेच करा सही.’ शाळामास्तर असोत वा उतारवयात अक्षर शिकलेले शेतकरी, काचेवर दोघांचीही सारखीच वेडीवाकडी रेघ उमटते, आणि ती कोणत्या सहीशी ताडून पाहायला कोणी थांबत नाही.