पीटीचे दोनशे रुपये

नोकरी सोडून स्वतःचा धंदा टाकायला निघालेली पोरं शिरूर अनंतपाळच्या माझ्या ऑफिसात येतात, तेव्हा त्यांच्या डोक्यात इन्कम टॅक्स आणि जीएसटी असतो. आगाऊ कर कधी भरायचा, हिशेबाच्या वह्या ठेवाव्या लागतील का, असं सगळं विचारतात. पगाराच्या स्लिपवर ‘पीटी’ म्हणजे व्यवसाय कर म्हणून महिन्याला दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे कापले जायचे, त्याचं आता काय, हे मात्र कुणीच विचारत नाही. तो विषय मी काढतो.

धंद्यावरचा कर आपल्याकडं जुनाच. मराठेशाहीत दुकानदार, विणकर, तेली यांच्याकडून मोहतर्फा घेत. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी 1844 च्या कायद्यानं तो उठवला, पण आमचा मुलूख निजामाचा, तिथं तो कायदा चालत नव्हता. 1860 मध्ये जेम्स विल्सननं आणलेला आयकरसुद्धा इंग्रजी अमलापुरताच होता. भारताचा आयकर कायदा मराठवाड्यात आला तो पोलीस अ‍ॅक्शननंतर, 1 एप्रिल 1950 ला. त्याच वर्षी लागू झालेल्या राज्यघटनेनं राज्यांना व्यवसाय कर लावायची मुभा दिली, वर्षाला माणशी 250 रुपयांपर्यंत. 1988 च्या घटनादुरुस्तीनं ती मर्यादा 2500 झाली. आज पगारातून कापले जातात ते वर्षाचे 2500 याच मर्यादेतून आले.

पण आपल्या राज्यानं हा कर लावला कशासाठी, ते कळायला 1972 च्या दुष्काळात जावं लागतं.

तेव्हा आम्ही निलंगा तालुक्यात होतो, जिल्हा उस्मानाबाद. पाऊस गेला, ज्वारी करपली, विहिरींना तळ दिसला. माय खडी फोडायला गेली. मला सोबत न्यायची, कारण तिथं पोरांना सुकडी मिळायची. दिवसभर हातोडी, संध्याकाळी मुकादमाचं मस्टर, आठवड्यानं पगार. घरी मिलोच्या भाकरी. त्या मजुरीवर आम्ही जगलो. हे मी ऐकलेलं सांगत नाही.

ज्याला काम हवं त्याला सरकारनं काम दिलं पाहिजे, हा विचार वि. स. पागे यांचा. ते विधान परिषदेचे सभापती. त्यांच्याच विसापूर भागात, तासगाव तालुक्यात, 1965 मध्ये त्याचा प्रयोग झाला होता. दुष्काळानं त्याची राज्यव्यापी रोजगार हमी योजना केली. दुष्काळ सरला तरी योजना चालू ठेवायची म्हटल्यावर दर वर्षी पैसा लागणार होता. म्हणून 1 एप्रिल 1975 पासून व्यवसाय कर आला. आमच्या नांदेडचे शंकरराव चव्हाण नुकतेच, फेब्रुवारीत, मुख्यमंत्री झाले होते. पगारदार, डॉक्टर, वकील, व्यापारी यांनी भरायचं, आणि जमा होईल तितकीच भर सरकारनं आपल्या तिजोरीतून घालायची. त्यातून पाझर तलाव, नालाबांध, रस्ते झाले. रोजगार हमीचा 1977 चा कायदा 26 जानेवारी 1979 ला अमलात आला आणि पंधरा दिवसांत काम मिळणं हा मजुराचा हक्क झाला. देशानं असा कायदा केला तो 2005 मध्ये. मुंबईच्या कारकुनाच्या पगारातून गावाकडच्या मजुराच्या हाताला काम मिळतं, ही गोष्ट मला महाराष्ट्रानं केलेल्या मोठ्या कामांपैकी वाटते.

मी स्वतः एका साखर कारखान्यात हिशेबाला होतो. 1999 ला शिरूर तालुका झाला, तहसील आलं, लिहिण्याचं काम वाढेल असं वाटलं आणि नोकरी सोडली. तोवर माझा कर कारखाना कापून भरायचा, मला फक्त आकडा दिसायचा.

नोकरी सुटली की मालकाची नोंदणी आपल्या उपयोगाची नाही. त्यानं कापून भरायची ती नोंदणी वेगळी, आपण स्वतःसाठी घ्यायची ती वेगळी. धंदा सुरू झाल्यापासून तीस दिवसांत अर्ज करायचा, मग दर वर्षी 30 जूनच्या आत 2500 भरायचे. राहून गेलं तर व्याज आणि दंड वाढत जातो, आणि नोटीस नेमकी धंदा बसायला लागला की येते. पाच वर्षांचे एकदम भरले तर चारच वर्षांचे, म्हणजे 10,000 घेतात. भरलेली रक्कम धंद्याच्या खर्चात धरता येते, पावती जपून ठेवा म्हणतो. वयाची पासष्ट वर्षं पूर्ण झाली की हा कर माफ आहे. मला अजून ती झालेली नाहीत.