रस्त्याचे ऋण

रस्ता बांधणे हे एकदाचे काम आहे, पण तो राखणे हे नित्याचे आहे. रस्त्यासाठी काढलेल्या कर्जाचे इष्टानिष्ट या एका भेदावर अवलंबून असते. हा धडा इंग्लंडातील ग्रामीण जनतेला सुमारे दोनशे वर्षांच्या अनुभवाने शिकावा लागला.

सोळाव्या शतकात इंग्लंडातील रस्त्यांची स्थिती मोठी शोचनीय होती. हिवाळ्यात गाड्या चिखलात आसापर्यंत रुतत. १५५५ साली पार्लमेंटने कायदा करून दुरुस्तीचा भार गावोगावच्या रहिवाशांवर टाकला. प्रत्येक कुटुंबाने वर्षातून चार दिवस, आणि १५६३ पासून सहा दिवस, विनावेतन रस्त्यावर राबावे असे ठरले. पण वेठीचे काम वेठीसारखेच होई. शिवाय लंडनकडे जाणाऱ्या परक्या गाड्यांनी मोडलेला रस्ता आम्ही का सुधारावा, हा ग्रामस्थांचा प्रश्न अगदीच गैरवाजवी नव्हता.

त्यावर १६६३ साली निराळा उपाय योजण्यात आला. उत्तरेकडे जाणाऱ्या राजमार्गावर नाके बसवून, जो रस्ता वापरील त्याच्याकडूनच पथकर घेण्याची परवानगी मिळाली. अठराव्या शतकाच्या आरंभापासून अशा रस्त्यांचा कारभार स्थानिक विश्वस्त मंडळांकडे जाऊ लागला. जमीनदार, धर्मोपदेशक व व्यापारी हे या मंडळांचे बिनपगारी सभासद असत.

मंडळापुढे पहिली अडचण पैशाची असे. नाक्यावरचे उत्पन्न थेंबे थेंबे जमणार, आणि खडी व मजूर तर आजच हवेत! तेव्हा नाक्याचे भावी उत्पन्न गहाण टाकून मंडळे कर्ज काढीत. हे धनको कोणी दूरचे सावकार नसत. त्याच परगण्यातील सुखवस्तू शेतकरी, व्यापारी व पोटापुरते व्याज हवे असलेल्या विधवा आपली पुंजी रस्त्यात गुंतवीत. व्याज बहुधा शेकडा चार ते पाच असे, कारण १७१४ पासून पाचांहून अधिक व्याज घेण्यास कायद्याची बंदी होती. मंडळाला अधिकार साधारणपणे एकवीस वर्षांपुरता मिळे. तेवढ्या मुदतीत रस्ता सुधारावा, कर्ज फिटावे आणि नाका उठावा, अशी मूळ कल्पना होती.

रस्ते खरोखरच सुधारले. १७५४ साली लंडन व मँचेस्टर यांमधील प्रवास साडेचार दिवसांत घडवून आणण्याची जाहिरात नवलाची वाटली होती. १८३० नंतर तोच प्रवास वीस तासांच्या आत होऊ लागला. ब्रिस्टलच्या मंडळाने १८१६ साली नेमलेल्या जॉन मॅकॅडमने बारीक खडीचे टणक रस्ते बांधून दाखविले. तोवर मंडळांची संख्या हजाराच्या घरात पोहोचली होती आणि सुमारे वीस हजार मैलांचे रस्ते त्यांच्या ताब्यात होते.

नाके मात्र उठले नाहीत. मुदत संपत आली की मंडळ पार्लमेंटकडून नवी मुदत मागून घेई. उत्पन्नातून प्रथम व्याज द्यावयाचे आणि उरले तर दुरुस्ती करावयाची. मुद्दल फेडण्यासाठी दरसाल काही रक्कम निराळी काढून ठेवण्याची शिस्त फार थोड्या मंडळांनी पाळली. कित्येकांनी तर थकलेले व्याजही मुद्दलात मिळविले. मग दुरुस्तीसाठी पुन्हा कर्ज आणि त्या कर्जासाठी आणखी नाके, असे चक्र सुरू झाले. त्यातच १८३० साली लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे सुरू झाली. जसजसे लोहमार्ग पसरत गेले तसतसे प्रवासी रस्त्यावरून आगगाडीकडे वळले. उत्पन्न आटले, व्याज मात्र आटले नाही.

या ओझ्याखाली प्रथम चिरडला गेला तो दक्षिण वेल्समधील गरीब शेतकरी. तेथील आंबट जमिनीला चुना घालावा लागे, आणि भट्टीवरून चुना आणताना वाटेत नाक्यामागून नाका लागे. १८३९ साली, व पुन्हा १८४२-४३ मध्ये, शेतकऱ्यांनी रात्री स्त्रीवेष धारण करून व तोंडाला काळे फासून नाके फोडले. शत्रूंच्या वेशी तुझ्या वंशजांच्या हाती येवोत, असा आशीर्वाद बायबलात रिबेका हिला मिळालेला आहे. म्हणून पुढारी स्वतःस रिबेका म्हणवीत. १८४३ साली हेंडी येथील नाक्यावरची वृद्ध रखवालदारीण या दंग्यात प्राणास मुकली. कर्ज काढणारेही नव्हेत, देणारेही नव्हेत, अशा दोन गरिबांची ही झुंज होती.

अखेर चौकशी होऊन १८४४ साली तेथील मंडळे एकत्र करण्यात आली व जुनी देणी भागविण्याची व्यवस्था झाली. इतरत्रही मंडळे क्रमाक्रमाने मोडली. १८८८ च्या कायद्याने मुख्य रस्ते निर्वाचित परगणा-मंडळांकडे सोपविले, आणि १८९५ साली अँगल्सी बेटावरील शेवटचे नाके उठले. रस्त्यांची देखभाल आता स्थानिक करातून होऊ लागली.

हा इतिहास परका असला तरी त्याचा प्रतिध्वनी महाराष्ट्रातही उमटला. कोल्हापूर महानगरपालिकेने शहरातील रस्ते खाजगी भांडवलावर बांधवून घेतले व त्याची वसुली टोलवर सोपविली. २०१३ साली नाके सुरू झाले, जानेवारी २०१४ मध्ये संतप्त जमावाने ते पेटविले आणि २०१५ च्या अखेरीस राज्य शासनाने टोल रद्द केल्याचे जाहीर केले. कंपनीची भरपाई मात्र सार्वजनिक तिजोरीतूनच करावी लागली.

नाका उठला म्हणजे ऋण फिटले असे नव्हे. ते केवळ दुसऱ्याच्या खाती जाते. कर्ज काढून बांधलेला रस्ता पुढील पिढीलाही उपयोगी पडतो, म्हणून तिने त्याचा हप्ता भरणे न्याय्य ठरते. पण दरसालचे खड्डे कर्जाने बुजविले, तर खडी वाहून गेल्यावरही व्याज उरते. म्हणून कर्ज काढतानाच ते कोण, केव्हा व कशातून फेडणार, हे नागरिकांनी विचारून घेतले पाहिजे.