आठवड्याला साडेसदुसष्ट पौंड

माझ्या परिचयाचे एक गृहस्थ इंग्लंडमधल्या इस्पितळात अनेक वर्षे नोकरी करून उतारवयात कराडला परतले होते. त्यांच्या पश्चात त्यांचे कागद लावण्याचे काम माझ्याकडे आले. पेन्शनची पत्रे तारीखवार लावताना एक गोष्ट खटकली. पौंडाचा भाव बदले तसे पासबुकातले रुपये कमीजास्त होत, पण मूळ पौंडांचा आकडा पहिल्या पत्रापासून शेवटच्या पत्रापर्यंत एकच होता. मी इतिहासाचा पदवीधर नाही, वकील तर नाहीच. तरी त्या न हललेल्या आकड्याने मला कामाला लावले.

ब्रिटनचा राष्ट्रीय विमा कायदा १९४६ चा. तो ५ जुलै १९४८ पासून पूर्णपणे अमलात आला. कामगाराने आणि मालकाने हप्ते भरायचे आणि म्हातारपणी पेन्शन घ्यायचे, अशी त्याची मांडणी. १९५५ पासून परदेशी राहणाऱ्या निवृत्तांनाही पेन्शन मिळू लागले. महागाईनुसार होणारी वाढ मात्र त्यांना लागू झाली नाही. पुढे काही देशांशी करार झाले आणि तेवढ्यापुरती वाढ मिळू लागली. त्यातून जो नकाशा तयार झाला, त्यात तर्क शोधून सापडत नाही. युरोपीय संघातले देश, अमेरिका, फिलिपीन्स, जमैका, मॉरिशस, तुर्कस्तान इथे वाढ मिळते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत, पाकिस्तान इथे नाही. नायगरा धबधब्याच्या अमेरिकन काठावर राहणाऱ्याचे पेन्शन दरवर्षी वाढते, समोरच्या कॅनडाच्या काठावरच्याचे गोठलेले राहते. असे गोठलेले पेन्शन घेणारे आज साडेचार लाखांच्या आसपास आहेत. त्यातला एखादा ब्रिटनला पाहुणा म्हणून गेला, तर तेवढ्या मुक्कामापुरता वाढीव दर मागू शकतो. परतला की पुन्हा जुना आकडा.

या व्यवस्थेला न्यायालयात खेचले ॲनेट कार्सन यांनी. त्या दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झाल्या होत्या आणि तिथूनही त्यांनी स्वेच्छेने हप्ते भरले होते. २००० साली त्यांचे मूळ पेन्शन आठवड्याला ६७.५० पौंड ठरले आणि तिथेच थांबले. २००५ च्या मे महिन्यात हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये त्या चार विरुद्ध एक मतांनी हरल्या. विरोधी मत लॉर्ड कार्सवेल यांचे. मग त्या आणि आणखी बाराजण स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयात गेले. १६ मार्च २०१० रोजी तिथल्या सतरा न्यायाधीशांपैकी अकरा सरकारच्या बाजूने, सहा विरोधात गेले.

निकाल वाचण्यापूर्वी माझी सहानुभूती एकतर्फी होती. वाचल्यावर दुसरी बाजूही कळली. न्यायालयाचे म्हणणे असे : हप्ता म्हणजे खाजगी विम्याची ठेव नव्हे, तो कराच्या जवळ जाणारा आहे, पेन्शनवाढ ब्रिटनमधल्या किमतींवर बेतलेली असते, आणि परदेशातल्या किमती, कर, तिथल्या सवलती वेगळ्या असतात. हा युक्तिवाद पोकळ नाही. पण तो खरा मानला, तर अमेरिका आणि फिलिपीन्समध्ये वाढ का मिळते? उत्तर एकच, करार झाला म्हणून. म्हणजे निर्णय किमतींवर नाही, वाटाघाटींवर अवलंबून राहिला. आणि त्या वाटाघाटीत म्हाताऱ्यांना खुर्ची नव्हती.

इथे आपल्याकडचा एक निकाल आठवतो. १७ डिसेंबर १९८२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्यात सांगितले, की पेन्शन ही सरकारची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेची ती कमाई आहे. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना सुधारित सूत्रातून वगळणे त्या घटनापीठाने चुकीचे ठरवले. पीठाचे अध्यक्ष पुण्यात जन्मलेले सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. तो खटला सरकारी नोकरांचा होता, त्यामुळे दोन्ही प्रकरणे एका मापाने मोजता येणार नाहीत. तरीही प्रश्न सख्खे आहेत. एकीकडे तारखेने माणसांच्या दोन जाती पाडल्या, दुसरीकडे पत्त्याने.

लढा संपलेला नाही. दुसऱ्या महायुद्धात सैन्यात काम केलेल्या ॲन पकरिज २००१ साली कॅनडात गेल्या. त्यांचे पेन्शन ७२.५० पौंडांवर थांबले. २०२४ च्या डिसेंबरात, शंभरीच्या उंबरठ्यावर, त्या गाऱ्हाणे घेऊन लंडनला गेल्या. नियम बदलला नाही. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करार झाला. त्याच्याबरोबर ठरलेली सामाजिक सुरक्षेची तरतूद तात्पुरत्या नोकरीवर जाणाऱ्यांचे दुहेरी हप्ते टाळण्यासाठी आहे. परतलेल्या निवृत्तांचे पेन्शन वाढवणे तिचा विषय नाही.

कराडचे ते गृहस्थ याबद्दल कधी बोलल्याचे त्यांच्या मुलांना आठवत नाही. वाढ न मिळणे हा नियम आहे, एवढेच त्यांना ठाऊक असावे. मी ती पत्रे एका फाइलीत लावली आणि वर पेन्सिलीने पहिले व शेवटचे वर्ष लिहिले. रक्कम लिहायला एकच रकाना पुरला.