पडद्यावरील पहिला सारीपाट

घरच्या दूरचित्रवाणी-संचावर खेळ खेळण्याची प्रथा अमेरिकेत १९७२ साली ‘मॅग्नाव्हॉक्स ओडिसी’ या यंत्राने सुरू केली. त्याचे जनक राल्फ बेअर हे जर्मनीतील ज्यू; नाझी छळापायी १९३८ मध्ये त्यांच्या कुटुंबास देशत्याग करावा लागला. मुकाट पाहत बसणाऱ्या प्रेक्षकास खेळगडी करावे, ही कल्पना त्यांनी १९६६ मध्ये टिपून ठेवली होती.

प्रकाशाचे तीन ठिपके व एक उभी रेघ, एवढीच त्या यंत्राची करामत. त्यास ना आवाज, ना रंग, ना स्मरणशक्ती. मैदान हवे तर प्लॅस्टिकचे रंगीत पारदर्शक पान काचेवर लावावे लागे. पेटीत फासे व पत्तेही असत. गुण मांडणे, नियम पाळणे, हार कबूल करणे ही कामे खेळणारांचीच.

आम्हांस या उणिवेतच त्याचे मोल दिसते. सारीपाटावर दान मोजणाऱ्या आपल्या वाडवडिलांप्रमाणे त्या खेळाडूंनाही परस्परांच्या सचोटीवर विसंबावे लागे. पुढील यंत्रे गुण स्वतःच मोजू लागली आणि ती कसोटी सरली. बेअर २०१४ मध्ये निवर्तले. त्यांची मूळ तपकिरी पेटी स्मिथसोनियन संग्रहालयात जपलेली आहे. तो सचोटीचा डाव मात्र आपला आपणच जपावयाचा आहे.