उद्दिष्ट-भाषांचे परस्पर भाषांतर : एक ऐतिहासिक आलोचन

संगणक-प्रणालीने काय करावे हे ठरविण्यापूर्वी ती कोणास व कशासाठी हवी आहे याचा शोध घ्यावा, हा विचार विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दृढ झाला. त्यातून उद्दिष्टांचे आकृतिरूप प्रतिमान रेखाटणाऱ्या अनेक भाषा निर्माण झाल्या. त्यांतील काही तर एकाच कुळातील. तरीही त्यांचे परस्पर भाषांतर सुकर ठरले नाही. याचे कारण चिन्हांच्या भिन्नतेत नसून अर्थाच्या भिन्नतेत शोधावयास हवे, असे या इतिहासावरून दिसते.

१९९३ साली दार्देन, व्हान लाम्स्वेर्द व फिकास यांनी ‘काओस’ पद्धतीचे विवेचन प्रसिद्ध केले. तीत उद्दिष्टाची फोड करीत जावयाचे आणि एकाच अभिकर्त्यावर सोपविता येईल असे उपउद्दिष्ट हाती आले की थांबावयाचे, असा क्रम आहे. १९९५ मध्ये एरिक यू यांनी टोरोंटो विद्यापीठातील आपल्या प्रबंधात ‘आय-स्टार’ ही भाषा मांडली. तिचा क्रम निराळा आहे. तेथे प्रारंभीच कर्ते येतात. उद्दिष्टे त्यांच्या अंतरंगात वसतात, आणि एक कर्ता दुसऱ्यावर कशासाठी अवलंबून आहे हे दाखविले जाते.

आय-स्टारचे नियम बरेच सैल होते. त्यामुळे ज्याने त्याने आपल्या गरजेनुरूप तिला वळण दिले. टोरोंटो व त्रेंतो येथील संशोधकांनी तिच्या आधारे ‘ट्रोपोस’ ही प्रणाली-रचनेची पद्धत उभारली. दुसरी शाखा ‘जीआरएल’ ही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २००८ साली झेड-१५१ या मानकात तिला स्थान दिले.

या शाखांमध्ये भाषांतर करू जाता दोन अडचणी विशेषत्वाने जाणवतात. पहिली मापनाची. एक घटक दुसऱ्यास किती पोषक वा मारक आहे हे आय-स्टार शब्दांनी सांगते; जीआरएलमध्ये ते –१०० ते १०० या दरम्यानच्या अंकानेही सांगता येते. ‘साहाय्यक’ या शब्दासाठी कोणता अंक घ्यावा, याचे उत्तर मूळ आकृतीत नसते. ते भाषांतरकारास स्वतःच द्यावे लागते. उलट दिशेने २०१ पूर्णांक मोजक्या शब्दांत कोंबावे लागतात, आणि जाऊन परत आलेले प्रतिमान पूर्वीचे राहत नाही.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. मूळ आय-स्टारमध्ये व्यक्ती, पद व भूमिका यांत भेद केलेला आहे. समजा, एक प्राध्यापक विभागप्रमुखपदी आहेत आणि त्या पदाकडे ग्रंथखरेदीस मंजुरी देण्याची भूमिका आहे. प्राध्यापक निवृत्त झाले तरी मंजुरीची जबाबदारी पदाकडेच राहते. लक्ष्यभाषेत केवळ ‘कर्ता’ ही एकच कोटी असेल, तर हा भेद लोपतो. आकृती निर्दोष दिसते. पण उत्तरदायी कोण, हा ज्यासाठी ती काढली तोच प्रश्न अनुत्तरित राहतो.

यावर दोन उपाय योजिले गेले. २००८ साली कारेस, फ्रांक, पेरिनी व सुसी यांनी ‘आय-स्टार-एमएल’ हे विनिमयाचे रूप सुचविले. त्यात सामाईक गाभा राखून प्रभेदांना वाव ठेवला होता. २०१६ मध्ये दालपियाझ, फ्रांक व हॉर्कॉफ यांनी ‘आय-स्टार २.०’ या नावाने तो गाभाच नव्याने निश्चित केला. ‘मृदू उद्दिष्टा’च्या जागी ‘गुण’ ही संज्ञा आली. पोषक-मारक संबंधांचे चारच प्रकार राहिले. ‘पद’ ही कोटी वगळण्यात आली. पहिल्या उपायाने विविधता टिकली, पण अर्थभेदही टिकले. दुसऱ्याने एकवाक्यता साधली. तथापि जुन्या प्रतिमानांच्या बाबतीत तोही एक भाषांतराचाच प्रसंग ठरला.

सारांश, अशा भाषांतरात यंत्र चिन्हे बदलू शकते. जेथे लक्ष्यभाषेत प्रतिशब्दच नाही, तेथे निर्णय मनुष्यास घ्यावा लागतो. तो घेणे दोषास्पद नाही. तो न नोंदविणे मात्र दोषास्पद आहे. म्हणून रूपांतरित प्रतिमानासोबत काय वगळले व काय गृहीत धरले याची टीप जोडणे, हे अभ्यासकाचे कर्तव्यच मानिले पाहिजे.